चुकीच्या डब्यात बसण्याचा गुन्हा

१/ मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात चुकून चढलेला पुरुष पुढच्या स्थानकावर घाईने उतरतो. त्याच्याजवळ तिकीट असते, गाडीही योग्य असते. तरीही तेथे थांबणे गुन्हा ठरू शकतो, हे त्याला ठाऊक असते. सर्वांसाठी असलेल्या वाहनात 'अनधिकार प्रवेश' कसा होतो? आजच्या धाग्यात १८९० सालच्या दोन कायद्यांची गोष्ट सांगते.

२/ पहिला कायदा आपल्याकडचा : भारतीय रेल्वे अधिनियम, १८९०. त्याच्या ६४व्या कलमाने १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत किमान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखणे बंधनकारक केले. हा कप्पा सर्वांत खालच्या वर्गाचा असावा, असे कायदा सांगतो. गाडी ५० मैलांहून लांब जाणार असेल, तर त्यात शौचकूपही हवा. तिसऱ्या वर्गाला ही सोय दुर्मिळ असण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घ्यावे.

३/ नुसती पाटी लावून कप्पा राखला जात नाही. म्हणून कलम ११९ आले. कप्पा स्त्रियांचा आहे हे ठाऊक असूनही जो पुरुष रास्त कारणाशिवाय आत शिरेल, किंवा रेल्वे कर्मचाऱ्याने सांगूनही बाहेर पडणार नाही, त्याला १०० रुपयांपर्यंत दंड. शिवाय भाडे जप्त आणि गाडीतून उचलबांगडी. 'ठाऊक असूनही' हे शब्द महत्त्वाचे. गडबडीत चुकलेल्याला हा कायदा गुन्हेगार मानत नाही.

४/ याच अधिनियमातील कलम १०९ मला अधिक विलक्षण वाटते. दुसऱ्यासाठी राखलेल्या अथवा आधीच भरलेल्या कप्प्यात शिरून जो हटणार नाही, त्याला २० रुपयांपर्यंत दंड. आणि कप्पा राखीव नसताना, आत जागा असताना, जो दार अडवून दुसऱ्याला येऊ देणार नाही, त्यालाही तितकाच दंड! घुसणारा आणि अडवणारा, दोघेही एकाच तराजूत.

५/ अर्थात हा तराजू व्यवहारात सरळ राहिला नाही. पुढे अनेक मार्गांवर युरोपीय व अँग्लो-इंडियन प्रवाशांसाठी वेगळे कप्पे राखले जात. शेजारच्या कप्प्यात माणसे कोंबलेली असताना ते मोकळे धावत, ही तक्रार हिंदी प्रवासी वर्षानुवर्षे करीत होते. स्त्रियांचा कप्पा कायद्याने नाव घेऊन राखला होता. गोऱ्यांचा कप्पा राखला गेला तो सत्तेच्या सवयीने.

६/ आता दुसरा कायदा, अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा. सालही तेच, १८९०. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'समान पण वेगळे' डबे ठेवण्याचा हुकूम रेल्वे कंपन्यांना झाला. नेमून दिलेला डबा सोडून दुसऱ्यात बसण्याचा हट्ट धरणाऱ्याला २५ डॉलर दंड किंवा २० दिवसांपर्यंत कैद.

७/ या कायद्यात एक अपवाद होता, आणि तोच त्याचे अंतरंग उघड करतो. दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दायांना तो लागू नव्हता. म्हणजे गोरे मूल कडेवर घेतलेली कृष्णवर्णीय स्त्री गोऱ्यांच्या डब्यात बसू शके. तीच स्त्री स्वतःचे तिकीट काढून एकटी आली, तर अपराधी ठरे. शेजार खपत होता, बरोबरी खपत नव्हती.

८/ न्यू ऑर्लिन्समधील नागरिकांच्या एका समितीने या कायद्याला आव्हान द्यायचे ठरवले. त्यासाठी कोणीतरी तो मोडून अटक होणे आवश्यक होते. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा पादत्राणे बनविणारा कारागीर पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या पूर्वजांत एक अष्टमांश अंश आफ्रिकी. रंगावरून कोणी ओळखलेही नसते. अटक करणारा गुप्तहेरसुद्धा समितीनेच नेमला होता. जादा डब्यांचा खर्च नकोसा असल्याने रेल्वे कंपनीलाही हा खटला हवाच होता.

९/ १८ मे १८९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी कायदा वैध ठरवला. वेगळेपणात हीनत्व दिसत असेल, तर तो पाहणाऱ्याने काढलेला अर्थ, असा बहुमताचा युक्तिवाद होता. एकटे न्यायमूर्ती हार्लन म्हणाले, की या कायद्याचा खरा हेतू काय आहे हे सर्वांनाच ठाऊक आहे. प्लेसीने अखेर २५ डॉलर भरले.

१०/ इतिहासातील एक योगायोग पाहा. प्लेसीच्या अटकेनंतर बरोबर एका वर्षाने, ७ जून १८९३ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट असलेल्या एका तरुण हिंदी बॅरिस्टरला शिपायाने डब्यातून खाली ढकलले. ते मोहनदास गांधी होते.

११/ मग भेद कसा ओळखावा? शब्द तर सारखेच : राखीव डबा, नकार, दंड. मला वाटते, दाराच्या आत कोण बसले आहे ते पाहावे. जिला सर्वसाधारण डब्यात निर्धास्त बसता येत नाही तिला आसरा देणारी रेषा वेगळी, आणि ज्याला सगळीच दारे उघडी आहेत त्याचा मान राखणारी रेषा वेगळी.

१२/ न्यायाला किती वेळ लागावा? लुइझियानाच्या राज्यपालांनी प्लेसीला मरणोत्तर माफी दिली ती ५ जानेवारी २०२२ रोजी, अटकेनंतर जवळजवळ १३० वर्षांनी. इकडे स्त्रियांचा डबा १९८९ च्या रेल्वे अधिनियमातही कायम राहिला. कलम १६२ नुसार दंड ५०० रुपयांपर्यंत. ५ मे १९९२ रोजी तर चर्चगेट ते बोरिवली अशी स्त्रियांची अख्खी लोकल धावली.

१३/ मी रोज त्याच राखीव डब्यातून विद्यापीठात जाते. त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे आणि एक इच्छाही : ही रेषा पुसण्याजोगी व्हावी. गोऱ्यांच्या डब्याची पाटी लढून काढावी लागली. आमच्या डब्याची पाटी, तिची गरज उरली नाही म्हणून उतरावी.