भातुकली

भातुकली हा घरसंसाराची नक्कल करण्याचा महाराष्ट्रातील पारंपरिक बालखेळ आहे. या खेळात वापरल्या जाणाऱ्या छोट्या भांड्यांच्या संचालाही भातुकली असेच म्हणतात. कोकणात या खेळाला सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांची जोड मिळाली. खेळातील अनेक वस्तूंची मूळ रूपे घरांतून नाहीशी झाल्यामुळे जुनी भातुकली आज स्मरणरंजनाचा आणि संग्रहाचा विषय बनली आहे.

स्वरूप

यूरोपातील बाहुलीघरात वास्तूला महत्त्व असते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधील पेट्रोनेला ऊर्टमन हिचे सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले बाहुलीघर किंवा विंडसर येथील क्वीन मेरीचे बाहुलीघर (१९२१–१९२४) यांत दालने व सामान हुबेहूब घडवलेले आहे. भातुकलीत मात्र वास्तू नसते. पडवीचा कोपरा, माडीचा जिना किंवा अंगणातील झाडाची सावली हेच घर ठरते. चूल, जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, विळी, परात, कळशी, घंगाळ आणि ताकाची रवी या वस्तूंतून संसार उभा राहतो. चुरमुरे, गूळ व शेंगदाणे यांचा खोटा स्वयंपाक आणि बाहुला-बाहुलीचे लग्न हे खेळाचे मुख्य भाग होत.

ठकी

ठकी ही लाकडाची पारंपरिक बाहुली होय. ती एकाच तुकड्यातून कोरतात; तिच्या हातापायांना सांधे नसतात. चेहरा, लुगडे व दागिने रंगाने काढलेले असतात.

सावंतवाडीची खेळणी

सावंतवाडी संस्थान स्वातंत्र्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला व सावंतवाडी त्यात गेली. येथील चितारी कारागीर लाकडी खेळणी, फळे-भाज्यांच्या प्रतिकृती आणि गंजिफा तयार करतात. हलके व कोरण्यास सोपे असल्याने पांगाऱ्याचे लाकूड या कामी वापरले जात असे. शहरातील चितारआळी या व्यवसायासाठी ओळखली जाते. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा आणि लाखकाम या कलांच्या पुनरुज्जीवनासाठी प्रयत्न केले.

साहित्यातील उल्लेख

थोडा काळ टिकलेल्या संसारासाठी ‘भातुकलीचा खेळ’ हा वाक्प्रयोग मराठीत रूढ आहे. वेंगुर्ल्यात जन्मलेले कवी मंगेश पाडगावकर यांच्या एका प्रसिद्ध भावगीतात भातुकलीतील राजा-राणीच्या ताटातुटीची कथा आहे. त्याला यशवंत देव यांनी संगीत दिले असून ते अरुण दाते यांनी गायिले आहे.

स्मरणरंजन व सद्यस्थिती

गॅसची शेगडी, मिक्सर व गिरणी आल्यावर चूल, पाटा आणि जाते मागे पडले. त्यामुळे भातुकलीचा मूळ अर्थ पालटला. पूर्वी मुले आईच्या हातातील वस्तू लहान आकारात हाताळत. आज त्याच प्रतिकृतींवरून आजीच्या स्वयंपाकघराची ओळख करून द्यावी लागते. जुन्या पितळी व लाकडी संचांचे आकर्षण मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक असण्याचे हे एक प्रमुख कारण होय. या खेळाने मुलींना केवळ चूल-मूल शिकवले, अशी टीकाही केली जाते. मात्र जुन्या घरांतील वस्तूंचे आकार, त्यांची नावे व त्यांचा वापर यांची नोंद म्हणून भातुकलीचे महत्त्व टिकून आहे. प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांशी स्पर्धा करावी लागत असल्याने लाकडी खेळणी घडवणाऱ्यांना शोभेच्या वस्तूंवर व पर्यटकांच्या मागणीवर अधिक अवलंबून राहावे लागते.