दोन बोटांची टोकं

२७ जुलै २००५, सकाळी ८.३०. सांताक्रूझला गेल्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद होते: ९४४ मिलिमीटर. मुंबई पाण्यात आहे. पश्चिमेला १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'मुंबई हाय नॉर्थ' मात्र चालू आहे. १९८१ सालचा सातमजली तेल-वायू प्लॅटफॉर्म, शेजारी 'नोबल चार्ली येस्टर' ही रिग, जवळपास 'समुद्र सुरक्षा' हे मदतजहाज. सगळीकडे मिळून ३८४ माणसं.

दुपारी २ च्या सुमारास. जहाजावर एका आचाऱ्याच्या दोन बोटांची टोकं तुटतात. एरवी हेलिकॉप्टर आलं असतं; आज पावसामुळे उड्डाणं बंद. क्रेनला टोपली लावून त्याला प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरतं. रक्त वाहत असलेल्या माणसासाठी दुसरं काय ठरवणार?

२ ते ४. वाऱ्याच्या आडोशाची बाजू सुरक्षित, पण तिकडची क्रेन बंद. म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ येतं. त्याच बाजूला रायझर आहेत: समुद्रतळाकडून वर येणारे, दाबाखालच्या तेलवायूचे उभे नळ. त्यांच्याभोवतीचं संरक्षण पुरवठा करणाऱ्या लहान बोटींचा धक्का धरून केलेलं. हे जहाज तेवढं लहान नाही. त्यात जहाज जागेवर धरणारे, संगणकावर चालणारे थ्रस्टर नीट साथ देत नाहीत. जहाज हाताने सांभाळावं लागतं. पावसाळी समुद्र, मोठ्या लाटा. तरी आचारी वर पोहोचतो. काम झालेलं असतं.

४.०५. लाट जहाजाला प्लॅटफॉर्मकडे ढकलते. जहाजाच्या हेलिडेकची कड रायझरला लागते. वायू सुटतो, पेट घेतो. शेजारचे रायझरही फुटतात. त्यांना आगीपासून संरक्षण नाही.

त्यानंतरची मिनिटं. प्लॅटफॉर्मच्या संकुलावर लाइफबोटी ८. पाण्यात उतरतात २. तराफे १०, उतरतो १. उरलेले लोक शिड्या-दोरांनी उतरतात, नाहीतर उड्या मारतात.

संध्याकाळी ६ च्या सुमारास. जिथे सात मजले होते, तिथे आता जळतं पाणी आहे.

रात्रभर. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासची जहाजं शोधत राहतात. ३६२ जण वाचतात. ११ मृतदेह मिळतात, ११ जण मिळत नाहीत.

आणि सहा पाणबुडे. आग लागली तेव्हा ते 'समुद्र सुरक्षा'वरच, खोल पाण्यातल्या कामासाठीच्या दाबाच्या बंद कोठडीत होते. दाब हळूहळू, दिवसांच्या हिशेबाने उतरवावा लागतो; दार उघडून पळता येत नाही. ३६ तासांनी त्यांना सोडवलं जातं.

१ ऑगस्ट. आगीत सापडलेली 'समुद्र सुरक्षा' बुडते.