सापाला किती वाढायचं?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री घाटकोपरहून भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, मक्याने एक पिंकी खाल्ली. पण अजून शोधतोय रे. दुसरी देऊ?"

मका म्हणजे त्याचा कॉर्न स्नेक. केशरी अंगावर तांबडे डाग, पेन्सिलीएवढी जाडी, आणि किचनच्या काट्यावर वजन भरलं १६ ग्रॅम. पिंकी म्हणजे अंगावर केस न आलेलं उंदराचं पिल्लू. ते गोठवलेलं मिळतं, कोमट पाण्यात वितळवून चिमट्याने द्यायचं. एक पिंकी साधारण दोन ग्रॅमची. मी सापांबद्दल चार पुस्तकं वाचलेली, त्यामुळे घरात या विषयाचा जाणकार मीच. मी जेवता जेवता उत्तर पाठवलं, "दे की. वाढतं वय आहे."

मंगळवारी सकाळी फोटो आला. दोन्ही पिंक्या ओकून बाहेर पडलेल्या, जवळजवळ होत्या तशाच. मका पाण्याच्या वाटीमागे वेटोळं करून बसलेला. रात्रभर एसी चालू होता हेही तेव्हाच कळलं.

इतक्या लहान सापासाठी ओकणं ही किरकोळ गोष्ट नाही. त्यात पाणी जातं, पचनरस जातात, घसा भाजतो. दोन-तीनदा असं झालं तर पिल्लू मरू शकतं. मला माझ्या उत्तराची लाज वाटली. मग डोक्यात आलं, की हे उत्तर माझ्या तोंडात आलं कुठून? कारण ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

ते आमच्या भांडुपच्या चाळीतून आलं होतं.

नागपंचमीला चाळीत गारुडी यायचा. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आई पुरणाचे दिंड उकडायची. गारुड्याने टोपलीचं झाकण काढलं की बायका हळदकुंकू वाहायच्या आणि वाटीत दूध-लाह्या ठेवायच्या. नाग वाटीत तोंड घालायचा. "बघ, प्यायला," असं म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, ते मला आजही आठवतं. कुणाला जेवू घातल्यावर तिच्या चेहऱ्यावर असतं तेच.

साप दूध का प्यायचा, हे फार नंतर वाचलं. सापाच्या आहारात दूध कुठेच नाही. दूध पिऊन वाढणं ही सस्तन प्राण्यांची गोष्ट. दुधातली साखर पचवायची सोयच सापाच्या पोटात नसते. गारुडी सणाआधी कित्येक दिवस नागाला पाण्यावाचून ठेवायचे. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल ते पितो. दातही आधीच पाडलेले असायचे. सण उलटला की त्यातले बरेच नाग मरायचे. म्हणजे आमची चाळ ज्या तृप्तीकडे कौतुकाने बघत होती, ती खरं तर तहान होती.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यानंतर नाग पकडणं, बाळगणं, खेळवणं हे सगळं बेकायदा ठरत गेलं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा होती. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जिवंत नागांचे खेळ बंद झाले. गावातल्या अनेकांना ते आजही लागतं. आपण नागाला त्रास देतो असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. माझ्या आईलाही नव्हतं वाटलं. प्रेमाने दिलेलं अन्न अपाय करू शकतं, हे मान्य करायला जड जातं.

सापाच्या भुकेकडे दुसऱ्या नजरेने बघणारी जागा चाळीपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर होती. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पुढे तिथे सर्पदंशावरचं औषध तयार होऊ लागलं. सापाचं विष काढायचं, ते थोडंथोडं करत घोड्याला टोचायचं, घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनवायचं. त्यासाठी नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघे जिवंत आणि धडधाकट हवेत. म्हणजे त्यांना खायला घालणं हा सणाचा विधी न राहता रोजचं काम झालं.

या कामात एक अडचण कायमची. पकडून आणलेला साप पुष्कळदा खातच नाही. माणसाचा वावर, उजेड, चुकीचं तापमान, लपायला जागा नसणं, यातलं काहीही त्याची भूक मारतं. समोर उंदीर ठेवला म्हणून तो जेवेल असं नसतं. हाफकिनमध्ये सापांवर काम केलेले डॉ. पु. ज. देवरस यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. सामान्य वाचकाला सापाकडे देव किंवा वैरी म्हणून न बघता प्राणी म्हणून बघायला लावणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय पुस्तकांपैकी ते एक.

याच वाटेवर पुढे आणखी लोक आले. अमेरिकेत जन्मलेले आणि १९५१ मध्ये लहानपणी आईबरोबर मुंबईत आलेले रोम्युलस व्हिटेकर तरुणपणी फ्लोरिडात मायामी सर्पेंटेरियममध्ये कामाला होते. भारतात परतल्यावर त्यांनी मद्रासचं सर्पोद्यान उभारलं. १९७८ मध्ये इरुळा आदिवासींची सहकारी संस्था सुरू झाली. तिथे साप काही आठवडेच ठेवतात, विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. आपल्याकडे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं. आज बोरिवली, मुलुंड, आरे इथे सोसायटीत धामण निघाली की आपण सर्पमित्राला फोन करतो, तो तिला पोत्यात घालून सुरक्षित जागी सोडतो. तो तिला काही खायला घालत नाही. रानातल्या सापाला माणसाने किती वाढायचं, याचं बरोबर उत्तर शून्य आहे. तिथपर्यंत यायला आपल्याला बरीच वर्षं लागली.

पण मका रानातला नाही. त्याला शून्य हे उत्तर चालत नाही.

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप. कार्ल लिनियसने १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यातल्या 'गट्टाटस'चा अर्थ ठिपकेवाला. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून 'कॉर्न' असं काही जण सांगतात, तर काहींच्या मते पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून. आपल्या धामणीसारखाच तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आणि बिनविषारी. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या हौशी लोकांनी काळं रंगद्रव्य नसलेल्या कॉर्न स्नेकची पैदास सुरू केली आणि बघता बघता रंगांचा बाजार उभा राहिला. आज हा जगातल्या सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे.

आहाराचे तक्ते वाचताना हा बाजार लक्षात ठेवावा लागतो. पैदास करणाऱ्याला मादी लवकर मोठी व्हायला हवी असते, कारण वजन भरल्याशिवाय तिच्याकडून अंडी घेता येत नाहीत. त्यामुळे भराभर खायला घालून साप वाढवायची पद्धतही रूढ झाली. असा साप दिसायला भरलेला, पण आत चरबी साठलेली, यकृतावर ताण. 'वाढतं वय आहे' हे वाक्य फक्त भांडुपच्या आयांचं नाही तर.

शरीराच्या आत काय घडतं, हे मी ओकण्याच्या प्रकरणानंतर नीट वाचलं. १९९०च्या दशकात स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड यांनी बर्मी अजगरांवर काम केलं. महिना महिना उपाशी राहणारा हा अजगर मधल्या काळात आपलं आतडं जवळजवळ मिटून ठेवतो. जेवण पोटात गेलं की दोन-तीन दिवसांत आतड्याचं वजन साधारण दुप्पट होतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च कित्येक पटींनी चढतो. कॉर्न स्नेक अजगरापेक्षा जास्त वेळा खातो, त्यामुळे त्याच्यातले बदल इतके टोकाचे नसतात. पण मुद्दा तोच. सापासाठी प्रत्येक जेवण हे खर्चाचं काम आहे आणि त्या कामाला बाहेरून ऊब लागते. पिंजऱ्याची एक बाजू २८ ते ३० अंशांवर नसेल, तर पोटातलं अन्न पचण्याआधी सडायला लागतं. मग शरीर ते बाहेर टाकतं. मक्याने तेच केलं. पोटात दुप्पट जेवण आणि वर एसीची थंडी.

आणि जेवल्यावर 'शोधणं' म्हणजे भूकच, असंही नाही. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला उंदराचा वास लागला की ते बराच वेळ जीभ काढत फिरतं. रानात पुढचं घरटं कधी सापडेल याची खात्री नसते, म्हणून मिळेल तेवढं घ्यायचं, हा त्याचा स्वभाव. त्याला थांबवणारं तिथे कुणी नसतं, पण रोज पिंकी घेऊन उभं राहणारंही कुणी नसतं.

मग आम्ही हिशेब मांडला. ओकल्यानंतर दोन आठवडे काहीही द्यायचं नाही, फक्त स्वच्छ पाणी आणि ऊब. हातात घ्यायचंही नाही. सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनीही हेच सांगितलं. त्यानंतर पहिलं जेवण नेहमीच्या निम्मं. ते पचलं की पुढे एका वेळी सापाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, सहा-सात दिवसांच्या अंतराने. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपटीहून जाड नको. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. वाढेल तसं भक्ष्य मोठं आणि अंतर लांब करायचं. पूर्ण वाढलेल्या सापाला दोन आठवड्यांतून एकदा पुरतं. भाच्याने वही केली: तारीख, वजन, दिलेलं भक्ष्य, विष्ठा, कात.

ते चौदा दिवस घरात सगळ्यांना जड गेले. माझी आई दर दोन दिवसांनी फोनवर विचारायची, "त्या पोराने काही खाल्लं का?" पोर म्हणजे साप. सहाव्या दिवशी ताई म्हणाली, "अरे, अर्धी तरी देऊया. कसंतरीच वाटतं बघून." मलाही वाटत होतं. भाच्याने तेवढं वहीत बोट ठेवून दाखवलं: १५ ग्रॅम, पाणी प्यायला, हालचाल ठीक.

याच दिवसांत मला एक जुनी बातमी पुन्हा आठवली. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले अकरा साप सापडले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. दिवसच्या दिवस न खाता राहण्याची जी क्षमता सापाला नोकरदार घरात पाळायला सोपं करते, तीच त्याला बिस्किटाच्या पाकिटात कोंबायलाही सोपं करते. मी भाच्याला विचारलं, मका कुठून आला? विकणाऱ्याने तोंडी सांगितलं होतं, "इथलंच ब्रीडिंग आहे." कागद नव्हता. आपला नाग किंवा धामण घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या प्राण्यांची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, पण आणायला परवाना लागतोच. मका पाकिटातून आला की अंड्यातून, हे आम्हाला आता कधीच कळणार नाही. विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न आम्ही नंतर विचारला.

आता त्याला आरेत नेऊन सोडणं हाही मार्ग नाही. स्पेनच्या ग्रान कानारिया बेटावर पाळीव म्हणून आणलेले कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक रानात गेले आणि तिथल्या सरड्यांचा फडशा पाडत सुटले. कॉर्न स्नेक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. भाचा तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. मागून घेतलेल्या जिवाला तोवर बेताने वाढत राहायचं, एवढं हातात आहे.

पंधराव्या दिवशी मक्याने अर्धी पिंकी खाल्ली. ती पचली. नागपंचमीला आईने दिंड केले, भिंतीवर गंधाने नाग काढला आणि वाटीतल्या लाह्या त्याच्यापुढे ठेवल्या. ताईने व्हिडिओ कॉल लावून मका दाखवला. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पाणी बदललंस ना रे त्याचं?"

परवा रविवारी पुन्हा व्हॉइस मेसेज आला. "मामा, १९ ग्रॅम. एक खाल्ली. अजून शोधतोय." मग जरा थांबून, "नाही देत."