आधी पाणी, मग नियम

उपसलेली विहीर पुन्हा किती वेळात भरेल, हा उन्हाळ्यातला प्रश्न आपल्या सीमाभागातल्या घराघराला ठाऊक आहे. मग तिला मराठीत विहीर म्हणा की कन्नडात बावी. जमिनीखालच्या पाण्याच्या चालीला ज्याने गणिताची भाषा दिली, त्या आंरी दार्सीचे चरित्र मला त्याच्या नियमाइतकेच मोलाचे वाटते.

दार्सीचा जन्म १८०३ साली फ्रान्समधील दिजाँ शहरी झाला. चौदाव्या वर्षी वडील वारले. आईने कर्ज काढून त्याच्यासाठी शिक्षक ठेवले. १८२१ साली तो पॅरिसच्या तंत्रशाळेत दाखल झाला आणि पुढे रस्ते व पूल बांधणीचे शिक्षण घेऊन सरकारी इंजिनियर म्हणून आपल्याच गावी परतला.

दिजाँचे पाणी त्या काळी गलिच्छ होते. १८३०च्या सुमारास तेथे सुमारे दीडशे मीटर खोल विंधन घेतले गेले. पाणी वर चढले, पण गावाला पुरेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा दार्सीने रोझ्वार झऱ्याचा विचार केला. तेथून सुमारे बारा किलोमीटर झाकलेला पाट बांधून, पंपाविना, केवळ उताराच्या बळावर १८४० साली त्याने पाणी गावात आणले. या कामाचे ५५,००० फ्रँक त्याने नाकारले.

१८४८च्या क्रांतीनंतर राजकारणापायी त्याची दिजाँहून बदली झाली. पुढे प्रकृती ढासळली. तरीही १८५५-५६ मध्ये दिजाँच्या इस्पितळाच्या आवारात, वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून त्याने मोजमापे घेतली. पाण्याच्या पातळीतील फरक वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो. वाळूचा थर जाड झाला की तो त्याच प्रमाणात घटतो. एवढाच तो नियम! दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील त्याच्या १८५६च्या ग्रंथात तो एका परिशिष्टात आला. दोनच वर्षांनी, १८५८ च्या जानेवारीत, दार्सी वारला.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी वाळूतून नव्हे, मुरमातून आणि भेगांतून वाट काढते. म्हणून येथे तो नियम जपून वापरावा लागतो. पण भूजलाचा हिशेब आजही तेथूनच सुरू होतो. ज्याने गावाची तहान आधी भागवली, त्यालाच पुढे पाण्याचे गणित सुटले, हा क्रम मला विसरवत नाही. बोअर मारण्याआधी आपणही तो आठवावा.