ठाण्याची शिवसेना : उमेदवारी, फूट आणि मतदार

शिवसेनेची स्थापना 1966 ची. पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिका पक्षाच्या हाती आली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. सेनेला पहिली सत्ता ठाण्याने दिली, हे इथला जुना शिवसैनिक आजही छाती पुढे काढून सांगतो. 1986 मध्ये सतीश प्रधान महापालिकेचे पहिले महापौर झाले.

आतल्या फुटीचा पहिला चटका 1989 च्या महापौर निवडणुकीत बसला. सेनेची मते फुटली, उमेदवार पडला. पाठोपाठ नगरसेवक श्रीधर खोपकर यांची हत्या झाली. त्या प्रकरणी सेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा कायद्याखाली अटक झाली; पुढे ते जामिनावर सुटले.

खरी कसोटी 1996 ची. ठाणे लोकसभा म्हणजे रामभाऊ म्हाळगी, राम कापसे यांची, भाजपची जागा. दिघे यांनी हट्टाने ती सेनेकडे आणली. कापसे विद्यमान खासदार होते. जनसंघाच्या काळापासून कल्याण-डोंबिवलीत घरोघरी फिरलेला भाजपचा कार्यकर्ता दुखावणारच होता. तरी सेनेचे प्रकाश परांजपे निवडून आले, तेही लागोपाठ चार वेळा. सेना-भाजप युतीचा मतदार रुसला, पण विरोधात गेला नाही. माझ्या मते याचे श्रेय सेनेच्या शाखेला जाते. दाखला, पाणी, शाळेचा प्रवेश, रात्री-अपरात्री रुग्णालय अशा कामांतून जोडलेला माणूस उमेदवाराच्या नावाकडे पाहून तुटत नाही.

मात्र मतदाराला गृहीत धरता येत नाही, हे 2009 ने दाखवले. सेनेतून फुटून मनसे वेगळी झाली होती. ठाण्यात मराठी मते विभागली आणि राष्ट्रवादीचे संजीव नाईक जिंकले. कल्याणमध्ये मनसेच्या वैशाली दरेकर यांनी लाखावर मते घेतली; तरी सेनेचे आनंद परांजपे यांनी जागा जिंकली. पुढे तेच राष्ट्रवादीत गेले आणि 2014 मध्ये सेनेच्या श्रीकांत शिंदे यांच्याकडून हरले.

जून 2022 मध्ये एकनाथ शिंदे पक्षनेतृत्वापासून फुटून बाहेर पडले. सेनेच्या ठाण्यातल्या 67 माजी नगरसेवकांपैकी 66 त्यांच्यामागे गेले. 2024 मध्ये इतिहास उलटा फिरला: ठाण्याची जागा भाजपला हवी होती, संजीव नाईक आता त्या पक्षात इच्छुक होते. उमेदवारी शिंदे गटाच्या नरेश म्हस्के यांना मिळाली, तेव्हा नवी मुंबईत नाईक समर्थकांनी राजीनामे दिले. तरी म्हस्के 2 लाख 17 हजारांनी जिंकले. कल्याणमध्येही भाजप कार्यकर्त्यांच्या विरोधानंतर श्रीकांत शिंदे 2 लाखांहून अधिक मतांनी आले. पण सहा महिन्यांनी विधानसभेला, कल्याण पूर्वेत, शिंदे गटाचे महेश गायकवाड अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या सुलभा गायकवाड यांच्यापाठोपाठ दुसरे आले. वरून ठरलेली एकी प्रत्येक वॉर्डात उतरतेच असे नाही.

दुसरी बाजूही विसरता येणार नाही. पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेल्यावर, त्यांच्यासोबत न गेलेल्या राजन विचारे यांना ठाण्यात म्हस्के यांच्याविरुद्ध मशाल चिन्हावर 5 लाखांहून अधिक मते पडली. ही माणसेही त्याच शाखांतून घडली. त्या शाखांच्या ताब्यावरून एकाच आळीतले शेजारी एकमेकांसमोर उभे ठाकले, मुंब्र्यात तर शाखाच पाडली गेली. दोन्ही बाजूंच्या नेत्यांना कळकळीची विनंती आहे: तुमची भांडणे मतपेटीत मिटवा, शाखेचे दार मात्र कोणत्याही चिन्हाच्या मतदारासाठी उघडे ठेवा.