म्हातारचळ, घराणे आणि मेंदूतील दाह

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की, वडीलधाऱ्या माणसाची स्मृती ढळू लागली तरी रोगाचा विचार मनास शिवत नाही. ‘म्हातारचळ’ म्हटले की विषय संपला. पण त्याच घरातील मुलीची सोयरीक निघाली म्हणजे हुबळी-धारवाडच्या आपल्या मंडळींत दबक्या आवाजात विचारणा होते : हे त्यांच्या घराण्यात आहे काय? रोग म्हणून मानायचे नाही आणि रक्तात आहे म्हणून भ्यायचे मात्र खरे! आल्झायमर रोगाच्या संशोधनाचा इतिहास पाहता या दोन्ही समजुती कच्च्या ठरतात.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर ही स्त्री दाखल झाली. आडनाव विचारले तरी ती ‘ऑगस्टे’ एवढेच सांगे. १९०६ साली तिचे निधन झाल्यावर डॉ. अलोइस आल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पुढील वर्षी छापलेल्या त्यांच्या टिपणात मज्जापेशींतील गुंतलेले तंतू आणि मेंदूत विखुरलेली साचलेल्या द्रव्याची किटणे यांचे वर्णन आहे. शिवाय मज्जापेशींना आधार देणाऱ्या ‘ग्लिया’ पेशींत चरबी साचल्याचीही नोंद आहे. तंतू आणि किटणे पाठ्यपुस्तकांत गेली. चरबीची नोंद मात्र मागे पडली. विस्मृतीच्या रोगाविषयीच्या टिपणातील ओळच विसरली जावी, हे चमत्कारिकच.

ती ओळ पुन्हा उजेडात आणली आनुवंशिकतेच्या अभ्यासाने. १९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने ‘एपीओई’ या जनुकाच्या ‘ई-४’ प्रकाराचा या रोगाशी संबंध दाखवला. या जनुकापासून घडणारे प्रथिन चरबी वाहून नेते आणि मेंदूत ते मुख्यतः ग्लिया पेशीच तयार करतात. त्यांपैकी ‘मायक्रोग्लिया’ हे मेंदूचे राखणदार होत. केरकचरा उचलणे हे त्यांचे काम. पण राखणदार चिडून राहिला तर घरच्यांसच इजा करतो, तद्वत त्यांनी सोडलेली द्रव्ये मज्जापेशींना बाधतात. हाच मेंदूतील दाह. काटा रुतलेल्या बोटाचा दाह याच जातीचा. येथे फक्त ठणका नसतो. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ई-४ च्या दोन्ही प्रती असलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियांत चरबीचे थेंब भरलेले दाखवले. म्हणजे वारसा आणि दाह ही दोन निराळी कारणे नव्हेत; वारसा बहुधा त्या राखणदारांच्या द्वारेच काम करतो.

यावरून कोणी दाहशामक गोळ्या घेऊ लागेल, तर थांबावे. आईवडिलांस अथवा भावंडांस हा रोग झालेल्या सुमारे अडीच हजार वृद्धांवर अमेरिकेत अशा गोळ्यांचा प्रयोग झाला. औषधे २००४ साली थांबवावी लागली आणि पुढेही त्यांपासून संरक्षण दिसले नाही.

आता सोयरिकीचा प्रश्न. एकेका जनुकातील दोषामुळे निम्म्या संततीस हा रोग होण्याचा संभव असलेली कुटुंबे जगात आहेत. पण ती फार विरळा, आणि त्यांत रोग बहुधा साठीच्या आतच दिसतो. ई-४ ची गोष्ट वेगळी : तो असून कित्येकांस रोग होत नाही, नसून कित्येकांस होतो. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांतील अभ्यासात (२०००) ई-४ चे प्रमाण शेकडा ७ आढळले, तर अमेरिकेतील तुलनेच्या गटात ११. खुद्द ऑगस्टेच्या जपून ठेवलेल्या काचपट्ट्यांत जनुकदोष सापडल्याचे २०१३ साली जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटास तो सापडला नाही. जेथे पहिल्या रुग्णाचाच वारसा वादात आहे, तेथे सत्तरी ओलांडलेल्या आजीच्या विसराळूपणावरून नातीची सोयरीक मोडणे हा शुद्ध अन्याय होय.

लपविण्याने रुग्णाची आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेची मात्र हानी होते. गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधे प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते घरी जाऊन आजार समजावून देत, वागणुकीच्या अडचणींत सल्ला देत. रुग्ण बरे झाले नाहीत. पण शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरचा भार लक्षणीय हलका झाला. त्यासाठी त्या घरांनी आधी दार उघडले होते.