सेकंदाचा शंभरावा भाग आणि ‘गुणवत्ते’चा दावा

दिवा लागला की बटण दाबायचं. या दोन्हींमधला काळ म्हणजे रिअॅक्शन टाइम, प्रतिक्रियेचा वेळ. किशोरवयीन मुलगे आणि मुली यांची अशी चाचणी घेतली, तर मुलग्यांची सरासरी किंचित जलद येते, असं जुन्या नोंदी सांगतात. आकड्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते त्या आकड्यावरून माणसांची उतरंड रचणाऱ्यांशी. तिचा इतिहास आपल्या तरुणांनी वाचलाच पाहिजे.

सुरुवात फ्रान्सिस गाल्टनपासून. 1883 मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवणारा हाच इंग्रज. ज्याची ज्ञानेंद्रियं तीक्ष्ण त्याची बुद्धी तीक्ष्ण, हे त्याचं गृहीतक. त्याच वर्षीच्या ग्रंथात तो स्त्रियांना कमी ठरवतो. पुरावा काय? पियानो जुळवणारे, चहा आणि वाइनची चव पारखणारे, लोकर निवडणारे सगळे पुरुषच आहेत. स्त्रिया सरस असत्या तर व्यापाऱ्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी त्यांनाच ठेवलं नसतं का? म्हणजे आधी दार बंद करायचं, आणि मग आत कोणी दिसत नाही म्हणून त्यांची लायकीच नाही म्हणायचं. हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का?

1894 मध्ये येल विद्यापीठाच्या जे. अॅलन गिल्बर्ट यांनी न्यू हेवनच्या शाळांतील 6 ते 17 वर्षांच्या सुमारे 1200 मुलामुलींच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. वयाबरोबर प्रतिक्रिया जलद होत जाते आणि मुलगे मुलींपेक्षा जलद असतात, असं त्यांना आढळलं. झालं! वेग म्हणजे बुद्धी मानणाऱ्यांच्या हाती पुरावा आला.

पण पुढच्याच वर्षी गंमत झाली. 1895 मध्ये आर. मीड बाख या अमेरिकन लेखकाने गोरे, कृष्णवर्णीय आणि अमेरिकेतील मूळनिवासी यांच्या वेळांची तुलना छापली. सर्वांत संथ निघाले गोरे! मग गोरे कनिष्ठ ठरले का? छे! बाखचा निष्कर्ष असा की गोरा माणूस विचारी असतो म्हणून संथ, आणि बाकीचे यंत्रवत म्हणून जलद. आपला माणूस पुढे आला तर वेग म्हणजे बुद्धी, मागे पडला तर संथपणा म्हणजे बुद्धी. निकाल आधीच लागलेला होता, घड्याळ फक्त साक्षीला उभं केलं होतं.

या थोतांडाला धक्का दिला तो संख्याशास्त्रानेच. 1901 मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विस्लर यांनी विद्यार्थ्यांचा प्रतिक्रियेचा वेळ आणि अभ्यासातील गुण यांचा सहसंबंध काढला. उत्तर आलं उणे 0.02, म्हणजे जवळजवळ शून्य. बटण लवकर दाबण्याचा आणि अभ्यासातील यशाचा संबंधच दिसला नाही. याच विद्यापीठात 1913 मध्ये बाबासाहेब शिकायला गेले.

1903 मध्ये शिकागोच्या हेलन थॉम्पसन यांनी 25 पुरुष आणि 25 स्त्री विद्यार्थ्यांवरील प्रयोगांचं पुस्तक काढलं. केवळ सरासरी न देता त्यांनी दोन्ही गटांचे आलेख शेजारी ठेवले. प्रतिक्रियेत पुरुष थोडे जलद, काही चाचण्यांत स्त्रिया सरस, पण आलेख बरेचसे एकमेकांवर पडणारे. उरलेल्या फरकाचं कारण त्यांनी मुलामुलींच्या वेगळ्या संगोपनात शोधलं.

हा मुद्दा नीट समजून घ्या. समजा एका वर्गात मुलग्यांची सरासरी 250 मिलिसेकंद आणि मुलींची 265 आली. पण मुलग्यामुलग्यांतच 200 पासून 320 पर्यंत अंतर असेल, तर 15 मिलिसेकंदांवरून समोरच्या एका मुलीबद्दल काय सांगता येईल? काहीच नाही. सरासरी गटाची असते, व्यक्तीची नव्हे.

आणि हा फरक तरी अढळ आहे का? 2006 मध्ये आयर्विन सिल्व्हरमन यांनी 73 वर्षांत प्रसिद्ध झालेले 21 अभ्यास, म्हणजे 15,003 माणसांच्या नोंदी, एकत्र तपासल्या. स्त्री-पुरुषांमधलं अंतर काळाबरोबर कमी होत गेलेलं दिसलं. स्त्रिया गाडी चालवू लागल्या, वेगवान खेळ खेळू लागल्या, हे त्यांनी सुचवलेलं संभाव्य कारण. जे ‘निसर्गदत्त’ म्हणून सांगितलं गेलं, ते मैदान मिळताच आक्रसू लागलं!

बाबासाहेबांनी मोजमापांकडे पाठ फिरवली नाही. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडेच हाती घेतले. हे शास्त्र विश्वासार्ह मानायचं असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असं म्हणून त्यांनी अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत उलथवून टाकला.

आपणही तेच करायचं आहे. कोणी ‘मेरिट’चा आकडा तोंडावर फेकला की चिडू नका, विचारा: किती जणांना मोजलं? सरासरीभोवती पसारा किती? सरावाची संधी कोणाला होती, कोणाला नव्हती? आणि आकडा उलटा आला असता, तर तुम्ही हाच निष्कर्ष काढला असता का?